पाळणाघर, अंगणवाडी आणि आग : खोपोली परिसराच्या संदर्भात बालसंगोपन केंद्रांच्या अग्निसुरक्षा नियोजनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीचा आधुनिक इतिहास हा वाहतूक आणि ऊर्जा यांचा इतिहास आहे. नाना फडणवीसांनी बांधविलेले तळे व देवालय ही या गावाची जुनी ओळख. १८५६ मध्ये येथवर रेल्वे आली आणि घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण होईपर्यंत पुण्याकडे जाणारा प्रवासी येथेच उतरून घाट चढत असे. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि लोणावळ्याच्या तलावांतील पाण्यापासून खोपोलीत निर्माण होणाऱ्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. स्वातंत्र्योत्तर काळात पोलाद, नळ्या, कागद आणि रसायने यांच्या कारखान्यांमुळे खोपोली हे औद्योगिक नगर बनले. खालापूर व कर्जत तालुक्यांतील ठाकर, कातकरी व अन्य श्रमिक कुटुंबे, तसेच बाहेरून आलेले कामगार यांच्या श्रमांवर हे नगर उभे राहिले.

आई कामावर गेली असता तान्हे मूल कोठे असते, हा प्रश्न अशा प्रत्येक नगराला पडतो. पाळणाघर, बालवाडी, अंगणवाडी ही त्याची वेगवेगळ्या काळातील उत्तरे होत. मात्र त्या मुलाला जेथे ठेवले जाते तेथे आग लागली तर त्याला बाहेर कोणी व कसे काढावयाचे, या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. बालशिक्षणाच्या अभ्यासकांनी अभ्यासक्रमाचा, आहाराचा आणि आरोग्याचा विचार केला. अग्निसुरक्षेच्या अभ्यासकांनी उंच इमारती, कारखाने व चित्रपटगृहे यांचा विचार केला. या दोहोंच्या मध्ये सहा वर्षांखालील मूल राहून गेले.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) बालसंगोपन केंद्रांच्या जागेत व रचनेत झालेल्या बदलांचा मागोवा घेणे, (२) या केंद्रांना लागू होणाऱ्या कायद्यांत अग्निसुरक्षेला मिळालेले स्थान तपासणे, (३) देशातील व परदेशातील दुर्घटनांतून निष्पन्न होणारे धडे नोंदविणे, आणि (४) खोपोली परिसराची वैशिष्ट्ये लक्षात घेऊन नियोजनाची दिशा सुचविणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि सार्वजनिक नोंदीतील घटना हा त्याचा मुख्य आधार आहे.

गिरणी आणि राखीव खोली

खोपोलीची वीज ज्या गिरण्यांत पोहोचली, त्याच गिरण्यांत पाळणाघराच्या कायद्याचा उगम शोधावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रीपुढे दोनच पर्याय असत. मुलाला घरी एखाद्या वृद्धेकडे किंवा थोरल्या भावंडाकडे ठेवणे, अथवा गिरणीत बरोबर नेऊन यंत्रांच्या आसपास कोठे तरी निजविणे. मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूमिश्रित बाळागोळी देण्याची प्रथा सर्रास होती. १९२० च्या दशकातील पाहण्यांत तिची नोंद झाली आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या शाही कामगार आयोगानेही तिची दखल घेतली. गुंगीत असलेले मूल रडत नाही. धूर झाला तरी ते हाक मारीत नाही. बालसंगोपनातील अग्निसुरक्षेच्या प्रश्नाचे हे पहिले आणि सर्वांत कठोर रूप होय.

१९३४ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४८ ने हा विषय स्पष्ट कर्तव्याच्या पातळीवर आणला. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्री-कामगारांची संख्यामर्यादा पन्नासवरून तीसवर आली. या कलमातील शब्दयोजना अभ्यासण्यासारखी आहे. खोली पुरेशी असावी, तीत उजेड व हवा खेळती असावी, ती स्वच्छ असावी, आणि बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, असे कलम सांगते. त्याखालील नियमांत भिंती, छत, दर मुलामागे जागा, दूध, आंघोळ, कपडे यांचा तपशील येतो. पाळणाघर त्रासदायक धूर, धूळ व गोंगाट यांपासून शक्यतो दूर असावे, असेही नियम सांगतात. आगीचा उल्लेख मात्र या कलमात नाही.

आगीसाठी त्याच अधिनियमात कलम ३८ होते. खोलीत माणसे असताना बाहेर पडण्याचे दार आतून सहज व तात्काळ उघडता येणार नाही अशा रीतीने बंद करू नये, आणि सरकते दार नसेल तर ते बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे, असे या कलमाचे मूळ स्वरूप होते. हे दोन्ही नियम शहाणपणाचे आहेत. परंतु त्यांच्यामागे गृहीत धरलेला मनुष्य हा दार ओळखणारा, कडी काढणारा आणि स्वतःच्या पायांनी चालणारा कामगार आहे. कलम ४८ मधील मूल कलम ३८ मधील दार उघडू शकत नाही. एकाच कायद्यातील दोन कलमांमधील हे अंतर पुढील काळातही भरून निघाले नाही.

१९९६ च्या इमारत व अन्य बांधकाम कामगारांविषयीच्या कायद्याने पाळणाघराचे कर्तव्य बांधकामस्थळापर्यंत नेले. अशा स्थळांवरील मुलांसाठी स्वयंसेवी स्तरावर १९६९ मध्ये दिल्लीत फिरत्या पाळणाघरांचे काम सुरू झाले होते व ते पुढे मुंबईतही आले. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती अधिनियमाने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि ती केवळ स्त्री-कर्मचाऱ्यांच्या संख्येशी जोडलेली ठेवली नाही. व्याप्ती वाढत गेली. खोलीची संख्या वाढली. त्या खोलीतून बाहेर पडण्याचा विचार त्या वेगाने वाढला नाही.

अंगण आणि खोली

बालसंगोपनाचा दुसरा प्रवाह शिक्षणातून आला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलेले कार्य महाराष्ट्रातील शिक्षणप्रेमींना परिचित आहे. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेण्याचा प्रयोग त्यांनी केला. अंगणवाडी हा शब्द त्यातून रूढ झाला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला.

अग्निसुरक्षेच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ लक्षणीय आहे. अंगणाला दार नसते, कडी नसते, छत नसते. जवळच्या घराला आग लागली तर अंगणातील मूल आधीच मोकळ्या जागेत असते आणि त्याच्याभोवती आजूबाजूच्या घरांतील माणसांचे डोळे असतात. मूळची अंगणवाडी ही कोणतेही उपकरण न वापरता सुरक्षित होती. अर्थात ऊन, पाऊस, विंचू-साप यांपासून ती सुरक्षित नव्हती आणि खोपोलीसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात वर्षातील चार महिने अंगणात बसणे अशक्यच. त्यामुळे अंगणवाडीने खोलीत येणे ही प्रगतीच होती. समाजमंदिर, भाड्याची खोली, शाळेची पडवी आणि नंतर स्वतंत्र इमारत असा तिचा प्रवास झाला.

खोली आली तशी तिच्याबरोबर चार गोष्टी आल्या. खिडक्यांना चोरीच्या भीतीने लोखंडी गज आले. मूल रस्त्याकडे, विहिरीकडे वा ओढ्याकडे जाऊ नये म्हणून दाराला वरची कडी आली. गरम ताज्या आहारासाठी चूल, मग रॉकेलचा स्टोव्ह आणि पुढे गॅस सिलिंडर आला. धान्याची पोती, कागदी तक्ते, प्लॅस्टिकच्या चटया व खेळणी यांची साठवण त्याच खोलीत होऊ लागली. यांतील प्रत्येक गोष्ट मुलांच्या हितासाठीच आली, हे विसरता येणार नाही. कडी ही निष्काळजीपणाची खूण नव्हे, तर काळजीचीच खूण आहे. रहदारीच्या रस्त्यालगत केंद्र चालविणारी सेविका कडी लावते ती मूल गाडीखाली येऊ नये म्हणून. परंतु रस्त्यापासून वाचविणारी तीच कडी आगीच्या वेळी अडसर ठरते. बालसंगोपन केंद्राच्या अग्निसुरक्षा नियोजनातील मध्यवर्ती पेच हाच आहे, आणि शाळेच्या किंवा कारखान्याच्या नियमावलीत त्याचे उत्तर सापडत नाही.

वीटभट्ट्यांवरील स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रश्न याहून वेगळा आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपताच भट्ट्यांवर जातात. ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात विधायक संसदेने अशा मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा चालविल्या. गवत-पेंढ्याच्या भोंग्यात भरणारी शाळा मुलांपर्यंत पोहोचली, हे तिचे मोठे यश होय. मात्र पेटती भट्टी, कोरडा पेंढा आणि लहान मुले यांचे सान्निध्य हे सेवेबरोबर येणाऱ्या जोखमीचे उदाहरण म्हणूनही नोंदवावे लागते.

दुर्घटनांनी घडविलेला कायदा

भारतातील अग्निसुरक्षाविषयक कायद्याची वाटचाल बव्हंशी दुर्घटनांच्या मागून झाली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये आली व १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा चौथा भाग आग व जीवितसुरक्षा यांना वाहिलेला आहे.

मुलांच्या संदर्भात दोन घटना निर्णायक ठरल्या. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि वरच्या मजल्यावरील वर्गांतील ९४ मुले दगावली. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निर्णय दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मानले. इमारत संहितेनुसार सुरक्षित असल्याची खात्री केल्याविना शाळेला मान्यता देऊ नये, अस्तित्वातील सर्व शाळांनी सहा महिन्यांत अग्निशमन साधने बसवावीत, इमारतीत ज्वालाग्राही पदार्थ ठेवू नयेत, आणि इमारतींची वेळोवेळी तपासणी व्हावी, असे आदेश देण्यात आले.

हा निर्णय शाळांविषयी होता. त्याच वर्षी संमत झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम ६ ते १४ वयोगटासाठी आहे. तीन ते सहा वयोगटासाठी शासनाने व्यवस्था करावी, एवढेच त्याचे कलम ११ सुचविते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनेही सहा ते चौदा वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे अनुच्छेद ४५ मधील मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. ज्या वयात मूल सर्वाधिक असहाय असते, त्या वयात त्याच्या सुरक्षिततेचा कायदेशीर आधार सर्वाधिक क्षीण, असा विरोधाभास येथे दिसतो.

इमारत संहितेतही अशीच स्थिती आढळते. शैक्षणिक इमारतींच्या गटात कमीत कमी वीस विद्यार्थ्यांची अट आहे. अनाथालये, वृद्धाश्रम यांसारख्या संगोपन संस्था संस्थात्मक गटात येतात. पंधरा मुलांचे घरगुती पाळणाघर यांपैकी नेमके कोठे बसते, हे ठरविणे स्थानिक अधिकाऱ्याच्या आकलनावर राहते. शिवाय संहितेतील यंत्रणेच्या आवश्यकता मुख्यतः इमारतीची उंची व क्षेत्रफळ यांवरून ठरतात. तळमजल्यावरील एका खोलीची अंगणवाडी या मोजपट्टीवर अल्पधोक्याची दिसते. रहिवाशांना चालता येते की नाही, हे ती मोजपट्टी मोजत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला आणि त्याखालील नियम २००९ मध्ये करण्यात आले. या अधिनियमाने जबाबदारी स्पष्टपणे इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर टाकली. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. ही तरतूद पुरोगामी आहे. तथापि अंगणवाडी भाड्याच्या खोलीत असेल तर मालक एक, भोगवटादार दुसरा, चालविणारा विभाग तिसरा आणि प्रत्यक्ष उपस्थित राहणारी मानधनावरील सेविका चौथी, अशी जबाबदारीची साखळी तयार होते. साखळीच्या शेवटच्या कडीकडे अधिकार सर्वांत कमी आणि आगीच्या क्षणी कर्तव्य सर्वांत जास्त असते.

खासगी पाळणाघरांच्या नियमनाची चर्चा रायगड जिल्ह्यात वेगळ्या निमित्ताने झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात बालिकेला झालेल्या मारहाणीचे चित्रण उघड झाल्यावर राज्यभर संताप उसळला व नियमनाची मागणी पुढे आली. तिचा भर कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांवर राहिला, आणि ते स्वाभाविकही होते. दारे, जिने व सुटकेचे मार्ग हा विषय त्या चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही.

चालता न येणारे मूल : भंडारा आणि एर्मोसियो

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशु दक्षता कक्षात आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी ७ वाचविण्यात आली. १० मृत्यू पावली, त्यांतील बहुसंख्य धुराने गुदमरून. रुग्णालय हे पाळणाघर नव्हे आणि नवजात शिशूंची यंत्रावलंबी अवस्था ही विशेष बाब आहे. तरीही महाराष्ट्राच्या इतिहासात या घटनेने एक गोष्ट निर्विवादपणे पुढे आणली. ज्यांना उचलूनच न्यावे लागते, त्यांच्या बाबतीत आग विझविण्यापेक्षा आग वेळीच कळणे आणि उचलणारे हात तेथे असणे अधिक महत्त्वाचे असते. त्यानंतर २५ मे २०२४ रोजी दिल्लीतील विवेक विहार येथे आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाशी येथे नवजात बालकांच्या कक्षांत लागलेल्या आगींनी याच धड्याची वेदनादायक पुनरावृत्ती केली.

प्रत्यक्ष पाळणाघरातील आगीचे सर्वाधिक अभ्यासनीय उदाहरण मेक्सिकोतील एर्मोसियो शहराचे आहे. ५ जून २००९ रोजी तेथील पाळणाघरात ४९ बालकांचा मृत्यू झाला. पाळणाघर मूळच्या गोदामात चालविले जात होते आणि आग पाळणाघरात लागलेली नव्हती. ती शेजारच्या, शासकीय कागदपत्रे साठविलेल्या गोदामात लागली व छताच्या मार्गाने पलीकडे आली. छताखालील ज्वालाग्राही अस्तर वितळून खाली पडू लागले. दुपारची झोपेची वेळ होती आणि बाहेर पडण्यास प्रत्यक्षात एकच दार उपयोगी होते. बाहेरील लोकांनी वाहन धडकवून भिंत फोडली. पुढे २०११ मध्ये तेथे पाळणाघरांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला. त्या तारखेच्या नावानेच तो ओळखला जातो.

या उदाहरणातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, केंद्र स्वतः निर्दोष असूनही शेजारामुळे धोक्यात येऊ शकते. दुसरा, दुसऱ्या उपयोगासाठी बांधलेल्या इमारतीत केंद्र आणताना सुटकेच्या मार्गांचा नव्याने विचार करावा लागतो. तिसरा, मुलांच्या झोपेची वेळ ही सर्वाधिक जोखमीची वेळ होय.

खोपोली परिसराची वैशिष्ट्ये

या तिन्ही निष्कर्षांना खोपोलीत विशेष अर्थ प्राप्त होतो. येथे निवासी वस्ती, कारखाने आणि रहदारीचे मार्ग यांच्यात फार अंतर नाही. जुना मुंबई-पुणे महामार्ग गावातूनच जातो आणि द्रुतगती मार्ग जवळून. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर घाटातील कुणे पुलाजवळ रसायनवाहू टँकर पेटून चौघांचा मृत्यू झाला. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यापर्यंत पोहोचले होते. अशा प्रसंगी नियोजनाचा आणखी एक पैलू समोर येतो. आग आत लागली तर मुलांना बाहेर न्यावयाचे असते. परंतु बाहेर विषारी वायू वा धूर पसरला तर काही वेळा मुलांना आतच ठेवून दारे-खिडक्या बंद करणे इष्ट ठरते. रासायनिक अपघातांसंबंधीच्या १९८९ व १९९६ च्या नियमांनी कारखान्याबाहेरील आपत्कालीन आराखड्याची तरतूद केली आहे. अशा आराखड्यात परिसरातील प्रत्येक अंगणवाडी व पाळणाघर नकाशावर दाखविलेले असणे आणि कोणत्या इशाऱ्याला ‘बाहेर’ व कोणत्या इशाऱ्याला ‘आत’ हे सेविकेला माहीत असणे आवश्यक आहे.

दुसरे वैशिष्ट्य भूगोलाचे आहे. नगरपरिषदेचे अग्निशमन दल गावात असले तरी डोंगरातील वाड्या-पाड्यांवर बंब पोहोचेल असे मानता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना पायीच डोंगर चढावा लागला. ती आग नव्हती. परंतु अशा वस्त्यांत पहिली मदत ही शेजाऱ्याचीच असते, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

तिसरे वैशिष्ट्य लोकज्ञानाचे आहे. या भागातील भातशेतीत राब भाजण्याची परंपरा पिढ्यान्पिढ्यांची आहे. पावसाळ्यापूर्वी पालापाचोळा, शेण व गवत पसरून रोपांची जागा भाजली जाते. राब भाजणारा शेतकरी वाऱ्याचा रोख पाहतो, दिवसाची वेळ निवडतो, कडेचा पाला झाडून पट्टा मोकळा करतो, हाताशी हिरव्या डहाळ्या ठेवतो आणि एकट्याने आग लावीत नाही. वारा, वेळ, मोकळी सीमा, हाताशी साधन आणि माणसांचे संख्याबळ ही अग्निनियोजनाची सारी तत्त्वे या रीतीत सामावलेली आहेत. म्हणून अग्निसुरक्षा नियोजन ही बाहेरून शिकविण्याची सर्वस्वी नवी गोष्ट आहे, असे येथील ग्रामीण पालकांच्या बाबतीत म्हणता येत नाही. शेताच्या कडेला असलेले हे शहाणपण अंगणवाडीच्या उंबरठ्यापर्यंत आणणे एवढेच शिल्लक आहे.

नियोजनाचे गणित

बालसंगोपन केंद्राच्या नियोजनाचा आरंभ अग्निशामक नळकांड्यापासून नव्हे, तर हातांच्या मोजणीपासून व्हावयास हवा. अंगणवाडीत साधारणतः एक सेविका व एक मदतनीस असते. उदाहरणादाखल, एखाद्या पाळणाघरात न चालणारी बारा बालके व दोन स्त्रिया आहेत असे मानू. प्रत्येकीने एका वेळी दोन मुले उचलली तरी तीन फेऱ्या कराव्या लागतात. म्हणजे धुराने भरणाऱ्या खोलीत त्यांना दोनदा परत शिरावे लागेल. बंद खोलीत धूर काही मिनिटांतच श्वास घेणे अशक्य करतो, आणि लहान मुलांची श्वसनगती अधिक असल्याने विषारी वायूचा परिणाम त्यांच्यावर लवकर होतो. अशा स्थितीत तिसरी फेरी केवळ कागदावरच शक्य असते. फेऱ्या कमी करण्याचे मार्ग तीनच आहेत : अधिक हात, अधिक मुले एकदम नेण्याचे साधन, किंवा दाराजवळची जागा.

यावरून काही सोप्या उपाययोजना सुचतात. केंद्र तळमजल्यावर असावे व त्याला परस्परांपासून दूर अशी दोन दारे असावीत. दाराची कडी मुलाच्या हाताबाहेरच्या उंचीवर, परंतु आतून एकाच हालचालीत उघडणारी असावी. मुले आत असताना कुलूप कधीही नसावे. मुलांना रोखण्यासाठी आतल्या बाजूस अर्धे दार बसविल्यास बाहेरच्या दाराला अडसर घालण्याची गरज उरत नाही. एका खिडकीचे गज आतून उघडणारे असावेत. न चालणारी बालके दाराच्या सर्वांत जवळ निजवावीत. चाकांचा पाळणा किंवा जाड चादरीची झोळी असल्यास एका फेरीत अधिक मुले नेता येतात. स्वयंपाक स्वतंत्र खोलीत असावा व सिलिंडर खोलीबाहेर उभा ठेवावा. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो आणि रांगणारे मूल नेमके तेथेच असते.

हजेरीपत्रक हे शासकीय दप्तरात आहार व अनुदान यांचे साधन मानले जाते. आगीच्या वेळी तेच जीवरक्षक साधन ठरते, कारण बाहेर आल्यावर किती मुले मोजावयाची हे त्याखेरीज कळत नाही. म्हणून ते दाराजवळ टांगलेले असावे व मूल मधल्या वेळेत घरी नेले गेल्यास त्याची नोंद तात्काळ व्हावी. केंद्राच्या हाकेच्या अंतरावरील चार घरे निश्चित करून हाक येताच धावून येण्याची जबाबदारी त्यांतील प्रौढांवर सोपविली, तर दोन हातांचे दहा हात होऊ शकतात. सराव महिन्यातून एकदा, आणि कधी कधी झोपेच्या वेळी घ्यावा. तीन-चार वर्षांच्या मुलांना दोरीला धरून रांगेत चालण्याचा खेळ शिकविणे अवघड नाही. बालगीत म्हणत मोकळ्या जागेपर्यंत जाणे हा त्यांच्या दृष्टीने खेळच असतो.

निष्कर्ष

१. बालसंगोपन केंद्रांचा महाराष्ट्रातील प्रवास हा अंगणाकडून खोलीकडे झालेला प्रवास आहे. या प्रवासात ऊन-पाऊस व रहदारी यांपासून संरक्षण मिळाले. मात्र मोकळ्या जागेने आपोआप मिळणारी अग्निसुरक्षा गमावली गेली व तिची भरपाई नियोजनाने झाली नाही.

२. कामगारविषयक, शिक्षणविषयक व इमारतविषयक कायद्यांत सहा वर्षांखालील मुलाच्या अग्निसुरक्षेची स्वतंत्र दखल अपुरी आहे. प्रचलित नियमांचा आधार स्वतः चालून बाहेर पडणारा मनुष्य हा आहे.

३. केंद्राची जोखीम इमारतीच्या उंचीवरून नव्हे, तर न चालणारी बालके आणि उपस्थित प्रौढ यांच्या प्रमाणावरून मोजली पाहिजे.

४. खोपोलीसारख्या औद्योगिक व डोंगराळ परिसरात केंद्राचा आराखडा कारखान्यांच्या बाह्य आपत्कालीन आराखड्याशी आणि शेजारच्या कुटुंबांशी जोडलेला असावा.

५. सेविका व मदतनीस यांच्याकडून आगीच्या क्षणी जी अपेक्षा केली जाते, तिला साजेसे प्रशिक्षण व दार, कडी, स्वयंपाकाची जागा यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना मिळणे न्याय्य होय.

डबवाली, कुंभकोणम आणि भंडारा यांच्यानंतर आदेश निघाले, तपासण्या झाल्या, नियम आले. प्रत्येक वेळी कायदा मुलांच्या मागून चालत आला. खोपोली परिसरातील पाळणाघरे व अंगणवाड्या यांच्या बाबतीत हा क्रम उलटा करणे शक्य आहे, आणि त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एक उघडणारी कडी, बाहेर ठेवलेला सिलिंडर, दाराजवळचे हजेरीपत्रक आणि हाकेला धावणारी चार घरे एवढ्यापासून त्याचा प्रारंभ होऊ शकतो.